‘दोन ओळींत वीस वर्षांचे भाव’ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

दशांशचिन्ह:
‘वायफायनान्स टाका, दोन ओळी लिहा, वीस वर्षांचे भाव हातात. साठवायची गरजच नाही, लागेल तेव्हा पुन्हा ओढा.’ काल वाचलेल्या पोस्टमधला हा सल्ला. (वायफायनान्स म्हणजे याहू फायनान्सवरचे शेअरचे भाव ओढणारी पायथनची लायब्ररी.) खाली वाहवाही भरपूर. नवशिक्यांना असलं काही सांगणं चूक आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

याहूने जुन्या भावांची आपली एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमला डेटा देणारी अधिकृत सोय, २०१७ मध्येच बंद केली. वायफायनान्स याहूचं नाही. संकेतस्थळाची पानं ज्या पत्त्यांवरून डेटा घेतात, तिथूनच ही लायब्ररी तो उचलते. तिकडे कुकीची पद्धत बदलली की इकडे सगळं ठप्प. विनंत्या जास्त झाल्या की ४२९, म्हणजे ‘फार विनंत्या’ ही चूक. त्यात ‘डाउनलोड’ फंक्शन चूक फक्त छापतं आणि रिकामा डेटाफ्रेम (तक्ता) परत देतं. स्क्रिप्ट थांबत नाही, पुढची गणितं रिकाम्यावरच चालू राहतात. म्हणून ओढल्यावर आधी ओळी मोजा, शेवटची तारीख बघा. ‘एन्ड’ला दिलेला दिवस धरला जात नाही, हेही विसरू नका. ३१ ऑगस्ट हवा असेल तर १ सप्टेंबर द्या.

माझं म्हणणं सरळ आहे. एकदा ओढा, पार्के (तक्ते साठवायचा प्रकार) फाइलमध्ये ठेवा, रोज फक्त नवीन ओळी जोडा.

उभाआलेख:
बाकी ठीक, पण ‘नवीन ओळी जोडा’ हा सल्ला त्या पोस्टपेक्षाही घातक आहे! ॲपलचं स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर करणं) घ्या, एकास चार, ३१ ऑगस्ट २०२०. आदल्या शुक्रवारचा बंद भाव ४९९.२३, सोमवारचा १२९.०४. जुनी फाइल तशीच ठेवून खाली ओळ जोडलीत तर एका दिवसात ७४ टक्के घसरण दिसेल. स्प्लिटनंतर ओढलेल्या डेटात शुक्रवारचा भाव १२४.८१ असतो. इतिहास मागे जाऊन बदलतो, तेव्हा पूर्ण मालिका पुन्हा ओढणंच बरोबर.

दशांशचिन्ह:
म्हणूनच कच्चे भाव, म्हणजे त्या दिवशी बाजारात होते तसेच, साठवायचे! ‘ऑटो ॲडजस्ट’ या पर्यायाला फॉल्स द्या, स्प्लिट आणि लाभांश वेगळ्या तक्त्यात ठेवा, समायोजन (नंतरच्या स्प्लिट-लाभांशाप्रमाणे जुने भाव बदलणं) स्वतः करा. त्यात अवघड काय आहे?

उभाआलेख:
ठासून सांगण्याआधी एकदा आकडे तरी बघा. फॉल्स दिलं तरी याहूचा ‘क्लोज’ (बंद भाव) स्प्लिटसाठी समायोजितच असतो, फक्त लाभांशासाठी नसतो. खरोखर कच्चा भाव हवा तर त्या तारखेनंतरच्या सगळ्या स्प्लिटनी गुणावं लागतं. ॲपलचा २०१४ च्या स्प्लिटआधीचा भाव हवा असेल तर सात गुणिले चार, म्हणजे २८ ने.

दशांशचिन्ह:
‘क्लोज’बद्दलचं मान्य. मग गुणा आणि साठवा. मुद्दा तोच राहतो.

पायथनपंत:
लाभांशाचं समायोजन हीच मुळात डोकेदुखी आहे. कोणीही विचारत नाही की ते हवंच का. बंद भाव १०० आणि लाभांश २ असेल तर आधीच्या सगळ्या भावांना ०.९८ ने गुणलं जातं. पुढचा लाभांश आला की पुन्हा सगळे बदलतात. आज काढलेलं बॅकटेस्ट (जुन्या भावांवर नियम चालवून बघणं) तीन महिन्यांनी वेगळे आकडे दाखवतं. असल्या भावांवर विश्वास कसा ठेवायचा?

उभाआलेख:
भाव बदलतात, परतावा नाही. लाभांशाच्या तारखेआधीच्या कोणत्याही दोन दिवसांना एकाच आकड्याने गुणलं की त्यांच्यातला टक्का तोच राहतो. टक्केवारीवर काम करणाऱ्याला काही फरक पडत नाही.

पायथनपंत:
सगळे टक्केवारीवरच काम करतात हे कोणी ठरवलं? ‘भाव १० च्या खाली असेल तर घेऊ नये’ असा नियम समायोजित भावावर लावलात की झालं. नंतर अनेकदा स्प्लिट झालेला चांगला शेअर जुन्या तारखांना १० च्या खाली दिसतो आणि गाळला जातो. त्या दिवशी कोणालाच माहीत नसलेलं भविष्य तुमच्या नियमात शिरतं. किती शेअर येतील हे काढतानाही हेच.

उभाआलेख:
नियम भावाच्या पातळीवर असेल तर कच्चा भाव लागतो, एवढं मान्य. परताव्याला समायोजितच लागतो, हे तुम्हीही मान्य करा. नाहीतर लाभांशाच्या दिवशीची घसरण तोटा म्हणून मोजाल.

पायथनपंत:
परताव्यापुरतं, बरं.

स्तंभलेखा:
तिघेही मूळ धागा सोडून गेलात. नवशिक्या अडतो तो आधीच. जुन्या ब्लॉगमधला कोड चिकटवला की ‘ॲडज क्लोज’ (समायोजित बंद भाव) या स्तंभावर की-एरर येतो, कारण ‘ऑटो ॲडजस्ट’ आता मुळातच ट्रू असतं आणि तो स्तंभच उरत नाही. एकच सिम्बॉल (शेअरचं बाजारातलं लघुनाव) मागितला तरी स्तंभ दोन पातळ्यांचे येतात. ‘मल्टी लेव्हल इंडेक्स’ला फॉल्स द्या. आणि शंभर सिम्बॉलची यादी दिली म्हणजे एकच विनंती जाते हा गैरसमज सोडा. आत प्रत्येकासाठी वेगळी विनंती जाते, म्हणून यादीचे तुकडे करा, मध्ये थांबा घ्या.

दशांशचिन्ह:
हे सगळं रोज करत बसण्यापेक्षा साठवा, हेच तर सांगतोय.

उभाआलेख:
साठवा, पण आंधळेपणाने जोडू नका. रोज शेवटचे दहा दिवस पुन्हा ओढा आणि फाइलमधल्या त्याच तारखांशी ताडून बघा. एका भावातही फरक निघाला तर तो सिम्बॉल सुरुवातीपासून ओढा.

दशांशचिन्ह:
ही तपासणी माझ्या पद्धतीत नव्हती. घालतो. कच्चे भाव मात्र ठेवणारच.

पायथनपंत:
आणि बाजारातून उठलेल्या कंपन्यांचं काय? त्या बहुतेक वेळा मिळतच नाहीत, मग उरलेल्यांवर काढलेला परतावा फुगलेलाच येणार. त्यावर कोणी बोलेल का?

स्तंभलेखा:
त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे नको.