मदत हवी आहे: पत्रपेटीचा ऑइलपेंट सोलून निघतोय, दुसऱ्यांदा!

नमस्कार मंडळी,

फाटकाशेजारच्या भिंतीवर आमची पत्र्याची पत्रपेटी आहे. वर उतरतं झाकण, पुढे झडप, खाली कुलपाचं छोटं दार. आणली तेव्हा बिनरंगाची, राखाडी होती. मी हौसेने गडद हिरवा ऑइलपेंट दिला. सात-आठ महिन्यांत झाकणावर फुगे आले. एक फुगा नखाने उचलला, तर तळहाताएवढा पापुद्रा अलगद हातात आला. फाटलासुद्धा नाही.

दुसऱ्यांदा नेटाने केलं. सगळा रंग खरवडला, पॉलिश पेपर मारला, रेड ऑक्साइडचा, म्हणजे रंगाखाली देतात त्या तांबड्या प्रायमरचा, एक हात आणि त्यावर ऑइलपेंटचे दोन. प्रत्येक हात दिवसभर वाळू दिला. वर्षभर पेटी झकास दिसली, आता पुन्हा तेच. या वेळी रेड ऑक्साइडसकट निघतोय. म्हणजे रंगाने प्रायमरला धरून ठेवलंय, पण प्रायमरनेच पत्रा सोडलाय.

गंमत अशी की, जिथला रंग गेला तिथे गंज नाही. करडा पत्रा, त्यावर चांदण्यांसारखी नक्षी, आणि बोट फिरवलं की पांढरी भुकटी लागते. तांबडा गंज फक्त तळाच्या कडेला आणि स्क्रूच्या भोकांपाशी.

माझं नक्की कुठे चुकतंय? आणि झडपेची बिजागरी न चिकटवता रंगवायची कशी? मागच्या वेळी ती रंगाने अशी बसली की पोस्टमनला गुद्दा मारावा लागला.

नवी पेटी घ्या हा सल्ला कृपया नको, तो घरात रोज मिळतो.

आळशी_सुतार:
पॉलिश पेपर नीट मारला नसणार. 80 नंबरने चांगला खरखरीत करा, रेड ऑक्साइडचे दोन हात द्या. आमचं फाटक असंच रंगवलंय, हलत नाही.

पत्र्याचा_डबा:
सुतारसाहेब, तुमचं फाटक साध्या लोखंडाचं असेल. ही पेटी जीआय पत्र्याची, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी पत्र्याची आहे. चांदण्यांची नक्षी आणि पांढरी भुकटी, दोन्ही जस्ताच्या खुणा. तुमच्या हाताची चूक नाही हो, जोडी चुकली. ऑइलपेंटमधलं तेल आणि जस्त यांचं ओलाव्यात हळूहळू रसायन होतं आणि मधे चक्क जस्ताचा साबण तयार होतो. साबणावर रंग कसा टिकेल? नेहमीचा रेड ऑक्साइडही त्याच तेलाच्या जातीचा, म्हणून तोही गेला. पापुद्र्याची मागची बाजू बघा, गुळगुळीत आणि पत्र्यापासून स्वच्छ सुटलेली असेल.

80 नंबर तर अजिबात नको. बऱ्याच पत्र्यांवर जस्ताचा थर एका बाजूला 20 मायक्रॉनच्या आसपास असतो. तो घासून टाकलात तर आज जिथे गंज नाही तिथेही येईल.

धागाकर्ती:
बघितलं, अगदी तसंच आहे! मग आता पायरी पायरीने सांगाल का? सगळा जुना रंग काढायलाच हवा का?

पत्र्याचा_डबा:
हो, सगळा. जो अजून चिकटलाय तोही त्याच वाटेवर आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीने सोला, उरलेला रिमूव्हरने काढा. कॉस्टिक सोडा मात्र वापरू नका, तो जस्तालाच खातो. मग भांड्यांच्या साबणाने धुऊन, पांढरी भुकटी नायलॉनच्या ब्रशने काढून, पूर्ण वाळू द्या. त्यावर 320 चा पेपर हलक्या हाताने, नुसती चमक जाईपर्यंत.

तांबड्या गंजाचं वेगळं. तेवढीच जागा तारेच्या ब्रशने घासून झिंक रिच (भरपूर जस्त असलेला) प्रायमर लावा. बाकी पेटीला डब्यावर ‘जीआय पत्र्यासाठी’ असं स्पष्ट लिहिलेला प्रायमर, आणि वरून पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकचे दोन पातळ हात. तळाच्या कापलेल्या कडेला तिसरा द्या, पाणी तिथेच लोंबकळत राहतं.

आळशी_सुतार:
मान्य, मी फाटकावरून पेटी ओळखायला गेलो. बिजागरीचं मात्र मला माहीत आहे. झडप काढता येत असेल तर काढूनच रंगवा. नाहीतर बिजागरीच्या पिनेला व्हॅसलीनचं बोट फिरवा, रंग तिथे धरत नाही, नंतर पुसून टाका. इकडे तिकडे लागू देऊ नका, नाहीतर तिथलाही रंग निघेल. पहिले काही तास झडप अधूनमधून हलवत राहा. कुलपाच्या भोकावर मास्किंग टेप लावा आणि रंग पुरता कडक व्हायच्या आत सोलून काढा, उशीर केला तर कडेचा रंगही टेपबरोबर येतो.

रात्रपाळी:
एक भर. सकाळी दव असताना सुरुवात करू नका. पत्रा हाताला कोरडा वाटतो, पण गार असतो आणि त्यावर बाष्प धरतं. भर उन्हातही नको, रंग ओढायच्या आधीच वाळतो आणि ब्रशच्या रेघा उमटतात.

धागाकर्ती:
सर्वांचे आभार. काल झाकण सोललं, अर्ध्या तासात सगळा हिरवा उतरला, माझ्या दोन वेळच्या मेहनतीसकट. आधी मागच्या बाजूला वीतभर नमुना करणार आहे. आठवडाभराने ब्लेडने फुली मारून, चिकटपट्टी लावून ओढून बघेन, काय निघतं ते इथेच सांगते. तोवर फाटकाला कापडी पिशवी टांगली आहे. पोस्टमन आज विचारत होता, यात पत्रं टाकायची का तुम्ही बाजाराला निघालात.