रस्त्याला माजी सैनिकांचं नाव द्यायचंय, अर्ज कुठं आणि कसा?

माजरेवाडी_कट्टा
सोलापूर महापालिकेच्या हद्दवाढ भागातला कॉलनीचा आतला रस्ता आहे. लेआउटवर (प्लॉटच्या नकाशावर) नुसतं '९ मीटर रुंद रस्ता' लिहिलंय, बोलताना सगळे 'टाकीचा रोड' म्हणतात. या रस्त्यावर माजी सैनिकांची बरीच घरं आहेत, एक वीरनारीही (वीरगती मिळालेल्या जवानाच्या पत्नी) राहतात. 'माजी सैनिक मार्ग' ठेवावं की एका जवानाचं नाव द्यावं, यावर दोन मतं पडलीत. अर्ज नगरसेवकांकडं द्यायचा की महापालिकेच्या झोन कार्यालयाला? तोंडाशी कमान करायचंही चाललंय. आणि नाव बदललं की आधार, करपावती सगळं बदलावं लागतं का?

लेआउटवाला
नाव नंतर, आधी रस्ता कुणाचा ते बघा. १९९२ च्या हद्दवाढीत आलेल्या भागात कितीतरी रस्ते सातबाऱ्यावर अजून मूळ मालकाचेच असतात, गुंठेवारीत (गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या जमिनीत) तर विचारूच नका. महापालिकेनं डांबर टाकलं म्हणून रस्ता तिचा होत नाही. नगररचना विभागातून मंजूर लेआउटची नक्कल काढा आणि रस्ते व खुली जागा महापालिकेकडं हस्तांतरित झाल्याची नोंद शोधा. ती नसेल तर फाईल तिथंच अडते.

तुमची जमेची बाजू म्हणजे रस्त्याला कागदावर नावच नाही. म्हणजे हे नामांतर नाही, नामकरण आहे. जुनी नावं पुसू नका, बिननावाच्या रस्त्यांना नावं द्या, असाच केंद्रीय गृह मंत्रालयाच्या १९७५ च्या सूचनांचा रोख आहे. जातिवाचक नाव असतं तर डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाची वाट वेगळी होती.

अर्ज आयुक्तांच्या नावे करा, आवक-जावकला देऊन पोच घ्या, एक प्रत झोनला द्या. नगरसेवकांची शिफारस जोडा, पण त्यांचं लेटरहेड म्हणजे प्रस्ताव नव्हे. जागेचा अहवाल, मग टिपणी, मग नगरसचिवांमार्फत सभेपुढं, असा प्रवास असतो. सभागृह अस्तित्वात नसेल तेव्हा प्रशासकच ठराव करतात. ठरावाचा क्रमांक आणि तारीख हाती आल्याशिवाय पाटी रंगवायला टाकू नका.

अर्जात 'टाकीपासून चौकापर्यंत' लिहू नका. उद्या टाकी पाडली की हद्द गेली. गट नंबर, कुठल्या प्लॉटपासून कुठल्या प्लॉटपर्यंत, लांबी मीटरमध्ये, आणि नकाशावर लाल रेघ.

फौजी_कागदपत्र
एका जवानाचं नाव देणार असाल तर घरच्यांची लेखी संमती घ्या. जवानाची आई आणि पत्नी दोघी असतील तर दोघींची. नाही तर ऐन सभेत हरकत येते. हुद्दा, नाव आणि पदक जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पत्रावरूनच घ्या, वर्तमानपत्राच्या कात्रणावरून नको. नायब सुभेदार आणि सुभेदार हे वेगळे हुद्दे आहेत. वीर चक्र शत्रूसमोरच्या शौर्यासाठी, शौर्य चक्र त्याखेरीजच्या शौर्यासाठी. पाट्यांवर या दोन्हींची गल्लत सर्रास दिसते. 'शहीद' ही लष्कराची अधिकृत संज्ञा नाही, कागदात 'बॅटल कॅज्युअल्टी' असं येतं. ठरावात 'वीरगती प्राप्त' लिहिलं की प्रश्न येत नाही.

माझं मत विचाराल तर रस्त्याला सामूहिक नाव द्या आणि चौकाला जवानाचं. मात्र शहरात 'माजी सैनिक' नावाची नगरं-वसाहती आधीच आहेत का ते तपासा, नाही तर पार्सल तिकडं जाईल. आणि नाव आखूड ठेवा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचा चौक आपण पत्ता सांगताना 'चार पुतळा'च म्हणतो की. जिभेवर बसतं तेच टिकतं.

पाटी_आणि_पाइप
कमानीचा नाद सोडा. सार्वजनिक रस्त्यावर आणि फुटपाथवर पुतळे किंवा बांधकामं यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे. कमान जोडली की नावाचा साधा विषयही तिच्याबरोबर लटकतो.

पाटीचं म्हणाल तर आपल्याकडं काळी जमीन. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वीतभर खड्ड्यात रोवलेला पाइप दोन वर्षांत कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, निदान दोन फूट, मग काँक्रीट. पाइपच्या बुडाशी आडवी सळई वेल्ड करा, नाही तर वाऱ्यानं पाटी पाइपसकट फिरते. वरचं तोंड बंद करा, पाणी आत शिरलं की पाइप आतून गंजतो. पाटीची खालची कड जमिनीपासून सात फूट वर हवी. फ्लेक्स नको, सोलापूरच्या उन्हात वर्षभरात पांढरा पडतो. पत्र्यावर परावर्तक शीट लावा आणि खाली बारीक अक्षरात 'जुना टाकीचा रोड'.

माजरेवाडी_कट्टा
आधारचं राहिलं.

लेआउटवाला
पिनकोड तोच राहतो, जुन्या पत्त्याचं आधारही चालतं. घाई दुकानदारांना. जीएसटी नोंदणीतल्या पत्त्यातला बदल १५ दिवसांत कळवायचा असतो, त्यांना ठरावाची प्रत लगेच द्या. करसंकलन विभागाला आणि पोस्टाला एकेक प्रत स्वतः नेऊन द्या, आपोआप जात नाही ती.