अनुभव धागा: कोल्हापूरहून बोलोन्याला एक सेमिस्टर

बहिणीची लेक येत्या सप्टेंबरात इटलीला, बोलोन्याला चाललीय. कॉलेजचा तिथल्या विद्यापीठाशी करार आहे. डिग्री इथलीच, मधलं एक सेमिस्टर तेवढं तिकडं. घरात सध्या दोन वह्या झाल्यात. एक तिची. त्यात १०८८ साल, युरोपातलं सगळ्यात जुनं विद्यापीठ, दोन कललेले मनोरे, शनिवारी फ्लॉरेन्स, रविवारी व्हेनिस. दुसरी तिच्या आईची. त्यात 'स्वेटर' आणि 'चटणी' एवढे दोनच शब्द आहेत. मला या दोन्हींच्या मधली वही पाहिजे.

जाऊन आलेल्यांनी लिहा, पोरं पाठवलेल्यांनी लिहा. काय ठरवलं होतं आणि काय झालं. बघायच्या जागा नकोत, त्या तिला पाठ आहेत.

राजारामपुरी, अर्थशास्त्र

मावशी, पहिल्यांदा नावाचं बघा. तिकडं प्रत्येकाला कोदिचे फिस्काले काढावा लागतो, आपल्या पॅनसारखा. खोलीचा करार, बँक, फोनचं कार्ड, सगळीकडं तोच मागतात. सोळा अक्षरं-आकडे असतात आणि ते नाव, आडनाव, जन्मतारीख, जन्माचा देश यावरूनच जुळवतात. भारताचा कोड झेड-२२२. बाईमाणूस असेल तर जन्मदिवसात चाळीस मिळवतात. मी सात तारखेची, म्हणून माझ्या नंबरात ४७. मला वाटलं चूकच झाली, दुरुस्त करून द्या म्हणून खिडकीवर हटून बसलो. (पोरगीच आहे मी. आमच्यात पोरी 'बसलो'च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.)

खरी गंमत पुढं. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं नाव चिकटलेलं असतं. समजा पोरगी मीरा, वडील आनंद. नुसत्या मीराची तीन अक्षरं होतात एम-आर-ई. मीरा आनंद धरलं की होतात एम-एन-एन, कारण व्यंजनं चार किंवा जास्त असली की पहिलं, तिसरं, चौथं उचलतात. माझ्या विद्यापीठाच्या फॉर्मवर नुसतं नाव होतं आणि पासपोर्टवर दोन्ही. दोन कागदांवर दोन माणसं झाली. ती एक करायला तीन आठवडे गेले. इथून भरायच्या प्रत्येक फॉर्मवर नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर घालायला सांगा.

दुसरं पर्मेस्सोचं. व्हिसा हातात असला तरी उतरल्यापासून कामाच्या आठ दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज टाकावा लागतो, आणि तो टाकायचा पोस्टात. १६ युरोचा मुद्रांक तंबाखूच्या दुकानात मिळतो, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पोस्टातली पावती जपायची. बोटांचे ठसे द्यायला पोलिसांकडं पुढची तारीख मिळते, आणि सहा महिन्यांसाठी गेलेल्या पुष्कळांचं कार्ड ते परत निघाल्यावरच तयार होतं. तोवर ती पावती म्हणजेच आपण.

उद्यमनगर, एक वडील

माझी मुलगी २०२२ ला गेली होती. व्हिसाचे कागद द्यायला आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला दोन खेपा घातल्या. एकदा विम्याच्या कागदावर तारीख आठ दिवस कमी पडली म्हणून. ते चालायचंच.

सांगायचं ते खोलीचं. चाळीस वर्षं कास्टिंग ठोकून बघितल्याशिवाय मी कुणाला रुपया दिला नाही, आणि न बघितलेल्या खोलीला ९०० युरो पाठवून बसलो. फोटो चांगले, बोलणं गोड, 'मी सध्या परदेशी आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो.' पैसे गेल्यावर फोन बंद. महिन्याभरानं तेच फोटो दुसऱ्या एका गावातली खोली म्हणून दिसले. पडदा तोच, पलंगाखालची लाल चप्पलसुद्धा तीच.

अडचण अशी की व्हिसाला राहण्याचा पत्ता लागतो, आणि चांगला घरमालक माणूस बघितल्याशिवाय करार करत नाही. यातून वाट एकच. आधी दोन-तीन आठवड्यांचं वसतिगृह धरायचं, व्हिसाला विद्यापीठाचं पत्र आणि ते बुकिंग चालतं का ते आधीच विचारून घ्यायचं, आणि सेमिस्टर सुरू व्हायच्या बऱ्याच आधी तिकडं पोचायचं. मुलीला शेवटी विया झाम्बोनीत, विद्यापीठाच्याच रस्त्यावर, खांबाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरून जागा मिळाली. खोली नव्हे, 'पोस्तो लेत्तो', म्हणजे दोघींच्या खोलीत एक पलंग. महिना ३८० युरो.

ती म्हणायची, पप्पा, या गावात जागेची टंचाई सातशे वर्षांची आहे. बाहेरगावची पोरं शिकायला येत गेली तसे लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढं काढले आणि खालून खांबांचा टेकू दिला. १२८८ मध्ये नगरानं नियमच केला की घराला खांबांचा ओटा पाहिजे, आणि खालून घोडेस्वार जाईल एवढी उंची पाहिजे. तेच हे पोर्तिको, सगळे मिळून ६२ किलोमीटर, त्यातले निवडक भाग २०२१ पासून जागतिक वारसा. आपल्याकडं गॅलरी पुढं काढली की नोटीस येते.

मी, धागा काढणारी

बहिणीला लाल चपलेचं वाचून दाखवलं. तिनं भाचीचा फोन काढून घेतला आणि सगळ्या खोल्यांचे फोटो स्वतः तपासले. दोन बाद.

मंगळवार पेठ

१५ ऑक्टोबरच्या आधी इमारतीचं हीटिंग चालू होत नाही, कायद्यानंच. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी कान झाकून, घोंगडं घेऊन अभ्यास केलाय. स्वेटरवाली वही बरोबर आहे.

रुईकर कॉलनी, इंजिनिअरिंग

परतीचं तिकीट डिसेंबरचं काढू नका. मी काढलं होतं, स्वस्त मिळालं म्हणून. तिथं पहिल्या सत्राचे तास डिसेंबरात संपतात, पण परीक्षा जानेवारी-फेब्रुवारीत असतात. इकडं त्याच वेळी आपलं पुढचं सेमिस्टर सुरू झालेलं. हा गुंता आधी सोडवला नाही तर एक तर तिकीट जातं, नाही तर हजेरी.

आणि परीक्षा म्हणजे आपली नव्हे. तीन तास, सप्लिमेंटला दोरा, तसलं काही नाही. माझ्या चारपैकी तीन परीक्षा तोंडी. खोलीत सर टेबलाला बसलेले, समोर एक खुर्ची, आणि मागं बाकांवर बाकीची पोरं ऐकत बसलेली. तुमचं चुकलेलं सगळ्यांनी ऐकायचं. मला पहिला प्रश्न आला: तुम्हाला आवडेल तो विषय घ्या आणि बोला. मी गप्प. शाळेपासून आवडेल तो विषय कुणी विचारलाच नव्हता. 'कोणताही चालेल' म्हणालो, सर हसले, म्हणाले, मग मी निवडतो. त्यांनी निवडला आणि मी मेलो.

गुण तीसपैकी. पास व्हायला १८. एकवीस मिळाले. मग सर विचारतात, घेता का? मला कळेचना, घेता का म्हणजे काय. तिथं मिळालेले गुण नको म्हणता येतात आणि पुढच्या तारखेला परत बसता येतं. शेजारच्या इटालियन पोरानं सत्तावीस नाकारले. मर्दा, सत्तावीस! मी एकवीस घेतले, कारण माझं विमान चार दिवसांवर होतं. तिकिटाचं म्हणतोय ते यासाठी.

तयारी सांगायची तर जायच्या आधी दोन महिने रोज एक धडा मोठ्यानं बोलून बघा. आरशासमोर नको, घरच्यांसमोर. मध्येच प्रश्न विचारणारा काका असेल तर उत्तम.

नाव नको

वरच्या भावाचं तिकीट गेलं, माझं सेमिस्टर गेलं.

तिकडं सगळे विषय पास झालो. तीस क्रेडिट्स. परत आलो तर माझ्या कॉलेजात सांगितलं, यातले दोन विषय आपल्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत, ते परत द्या. जायच्या आधी विभागातल्या सरांनी तोंडी 'होऊन जाईल' म्हटलं होतं. ते सर बदलून गेले. नव्या सरांचीही चूक म्हणता येत नाही, त्यांच्यापुढं कागदच नव्हता. युरोपातलं एक क्रेडिट म्हणजे पंचवीस ते तीस तासांचं काम, घरी केलेल्या अभ्यासासकट. आपलं गणित वर्गातल्या तासांवर चालतं. हे दोन हिशेब आपोआप जुळत नाहीत, कुणीतरी सही करून जुळवावे लागतात.

म्हणून लर्निंग अ‍ॅग्रीमेंट. तिकडचा प्रत्येक विषय, त्याच्यासमोर इकडचा विषय, क्रेडिट, गुणांचं रूपांतर कसं करणार ते, आणि खाली तीन सह्या: तुमची, तिकडची, इकडची. तिथं गेल्यावर एखादा विषय बदलला (बदलतोच, दोन तासिका एकाच वेळी येतात) तर बदलाचा कागद त्याच आठवड्यात इकडं पाठवून परत सही. मी एक विषय बदलला आणि मेल केली. मेलला 'नोटेड' असं उत्तर आलं. 'नोटेड'वर मार्कशीट निघत नाही.

बाकी काही झालं नसतं तरी चाललं असतं. चटणी मिळते, स्वेटर मिळतो.

शाहूपुरी, वैद्यांच्या घरची

चटणी मिळत नाही हो. कांदा-लसूण चटणी घेऊन जावी, कोरडी आहे, चालते. तूप आणि पेढे नेऊ नयेत. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात न्यायला बंदी आहे. माझ्या मुलाची तुपाची बरणी विमानतळावर काढून ठेवली. शाकाहारी असेल तर पियादिना खाताना विचारावं. दिसते आपल्या चपातीसारखी, पण कणकेत डुकराची चरबी घालायची तिथं जुनी पद्धत आहे. 'स्त्रुत्तो' हा शब्द पाठ करून जावा. आणि मांसाहारी असेल तर तोर्तेल्लिनीचा (मांसाचं सारण भरलेल्या पास्त्याचा) रस्सा घ्यावा. आमचा म्हणतो, तिखट काढून घेतलेला पांढरा रस्सा.

कळंबा, आर्किटेक्चर

बघायच्या जागा नकोत म्हणालात, तरी एक लिहिते.

मोठ्या चौकात सान पेत्रोनिओचं चर्च आहे. आत फरशीवर डावीकडं पितळेची एक रेघ जाते, सदुसष्ट मीटरच्या आसपास लांब. १६५५ मध्ये कासिनी या खगोलशास्त्रज्ञानं आखलेली. वर छताला एक भोक. मध्यान्हीला त्यातून उन्हाचा कवडसा उतरतो आणि ती रेघ ओलांडतो. उन्हाळ्यात भोकाच्या जवळ पडतो, हिवाळ्यात दूर सरकतो, म्हणजे वर्षभराचं कॅलेंडरच. दहा नोव्हेंबरला तास बुडवून मी तिथं उभी होते. कवडसा थाळीएवढा असेल असं वाटलं होतं, तो चांगला परातीहून मोठा, लांबोळका, आणि डोळ्यांदेखत हलत होता. रेघेवर आला तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी घड्याळ लावून घेतलं.

मग बाहेर पायऱ्यांवर बसून भाकरीसारखा कोरडा पाव खाल्ला आणि एक वाजायची वाट बघितली. तिकडचा एक म्हणजे आपले साडेपाच. आईनं फोनवर किरणोत्सव लावला. महाद्वारातून किरणं आली, पितळी उंबरा ओलांडला, अंबाबाईच्या पायांवर चढली, कमरेपर्यंत गेली आणि ढग आला. देवळात सगळे 'अरेरे' म्हणाले ते मला पायऱ्यांवर ऐकू आलं.

त्याच्यावरच मी सेमिस्टरचा प्रकल्प केला, दोन इमारती आणि एक ऊन. विषय मी ऐनवेळी बदलला होता. कागद त्याच आठवड्यात पाठवला होता, शिक्क्यासकट.

राजारामपुरी, अर्थशास्त्र

एक राहिलंच. आसिनेल्लीच्या मनोऱ्यावर पदवी घ्यायच्या आधी चढायचं नाही, डिग्री मिळत नाही असं तिथली पोरं मानतात. शेजारचा गारिसेंदा जास्त कलला म्हणून २०२३ च्या ऑक्टोबरात परिसर बंद केला, आसिनेल्लीवर चढणंही बंद झालं. तुमच्या भाचीला आपोआप पुण्य.

भाची

मावशीनं सगळं छापून फ्रिजवर लावलंय, म्हणून इथंच लिहितो. विषय जुळवायचा तक्ता केला. सहापैकी चार विषयांसमोर इकडचा विषय सापडला, एकासमोर अर्धा, एक सोडला. तो सोडला ते बरं वाटत नाही, त्याच्यासाठीच जायचं होतं. तो मी क्रेडिटशिवाय नुसता बसून ऐकणार आहे, शुक्रवारी. म्हणजे फ्लॉरेन्स शनिवारीच.

नावं पासपोर्टप्रमाणे केली. तिकीट फेब्रुवारीच्या शेवटाचं बघतोय. रोज रात्री जेवताना एक धडा मोठ्यानं बोलतो. पप्पा मध्येच प्रश्न विचारतात, आणि उत्तर यायच्या आधी स्वतःच सांगतात.

आज विभागात गेलो होतो. मॅडमनी तक्ता वाचला, दोन ठिकाणी पेननं खुणा केल्या आणि सही दिली. शिक्का मात्र ऑफिसात आहे, आणि ऑफिसातल्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडं आहे ते मंगळवारपर्यंत रजेवर.