टाच दुखते, मग शौचाची तपासणी कशासाठी?

बारा वर्षांच्या मुलाची टाच आणि गुडघा सुजलेला असताना डॉक्टरांनी शौचाची तपासणी का सांगितली, हा आपला प्रश्न रास्त आहे. बालसंधिवाताच्या ज्या प्रकारात स्नायूंचे बंध हाडाला जोडले जातात तिथेच, म्हणजे टाचेच्या मागे किंवा गुडघ्याच्या वाटीखाली सूज येते, त्यात पोटाची काहीही तक्रार नसताना आतडे सुजलेले असू शकते. बेल्जियममधील गेंट येथील डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दुर्बिणीने आतडी तपासून हे दाखवले. शौचात कॅलप्रोटेक्टिन हे पांढऱ्या पेशींतील प्रथिन वाढलेले आढळल्यास अशा सुजेचा संशय येतो. मात्र नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनीही ते वाढते, त्यामुळे चालू गोळ्या डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. पुढील औषध ठरवतानाही याचा उपयोग होतो, कारण एटॅनरसेप्ट या संधिवातावरील इंजेक्शनने सांधे सुधारले तरी क्रोन्सचा आजार, म्हणजे आतड्याची दीर्घकाळ टिकणारी सूज, आटोक्यात येत नाही, अ‍ॅडॅलिम्युमॅब हे दुसरे इंजेक्शन मात्र दोन्हींवर वापरता येते. मला स्वतःला अहवालातील आकड्याइतकेच मुलाचे वजन महत्त्वाचे वाटते. शाळेची विजार कमरेत सैल होऊ लागली, उंची वाढेनाशी झाली किंवा मूल रात्री शौचासाठी उठू लागले, तर कृपया पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.