लिव्हरमध्ये हेमँजिओमा: एम्बोलायझेशन करावं का?

प्रश्न: आईच्या (वय ५२) लिव्हरमध्ये ११ सेंमीची हेमँजिओमाची (रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची, कॅन्सर नसलेली) गाठ आहे. दोन घासांत पोट भरतं, उजव्या बरगडीखाली दुखतं. सर्जन ऑपरेशन म्हणतात, दुसरे डॉक्टर एम्बोलायझेशन. कुणी केलंय?

सातारकर: बायकोचं झालंय. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत थेट गाठीच्या रक्तवाहिनीपर्यंत नेतात आणि तिथला रक्तपुरवठा तोडतात. भूल फक्त त्या जागेपुरती. नंतर ताप, मळमळ आली, ते अपेक्षितच असतं म्हणे. गाठ मात्र लगेच विरत नाही हो, महिनोन्‌महिने हळूहळू आकसते.

रेडिओलॉजीवाला: निरोगी लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल शिरेतून (आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त आणणाऱ्या शिरेतून) मिळतं, म्हणून धमनीची फांदी बंद झाली तरी ते तगतं. पण दुखणं गाठीचंच आहे ना? पित्ताशयात खडे?

प्रश्नकर्ती: सोनोग्राफीत खडे नाहीत. एंडोस्कोपी राहिलीय.

रेडिओलॉजीवाला: मग ती आधी करा, म्हणजे त्रास जठरामुळे तर नाही ना, ते कळेल.