आजी-आजोबांचं आठवड्याचं पत्र: मंडळाच्या यादीवरचा पत्रव्यवहार

विषय: घरचं पत्र – काय लिहावं, कसं पाठवावं

नमस्कार मंडळी,
ज्येष्ठ कट्ट्यावर पुन्हा तोच विषय निघाला. आजी-आजोबा दर आठवड्याला परदेशातल्या मुला-नातवंडांना सगळ्यांसाठी एकच पत्र करून घरची खबरबात आणि देवाधर्माचे चार शब्द लिहून पाठवतात. सुरुवातीला उत्तरं येतात, मग नुसते जोडलेले हात, मग तेही बंद. जाणकारांनी नेमकं काय ते सांगावं. ‘सुविचार पाठवू नका’ एवढ्यावर थांबू नये, ते सगळ्यांना ठाऊक आहे.
– समन्वयक, ज्येष्ठ कट्टा

विषय: उत्तर: घरचं पत्र

सप्रेम नमस्कार.
पत्र वाचलं जात नाही ते लांबीमुळे नव्हे, मोघमपणामुळे. ‘इकडील सर्व क्षेम’ हे पोस्टकार्डाच्या जमान्यात चालून जायचं, कारण पत्र आलं हीच बातमी असायची. आता क्षेम व्हॉट्सॲपवर दिवसातून चारदा कळतं. ‘आंब्याला मोहोर आला’ असं लिहिलं तर कोणी काय उत्तर देणार? ‘पायरीला यंदा मोहोर भरपूर, पण दोन दिवस ढगाळ गेले, तुडतुडे पडले आणि निम्मा गळला’ असं लिहिलं की मुलगा विचारतो, फवारणी केली होती का?

साडेतीनशे-चारशे शब्द पुरे. हाताने लिहिलं तर ए-४ कागदाची दोन पानं भरतात. त्यात तीन-चार बातम्या, प्रत्येकीत एक तरी नाव आणि एक तरी वार. नातं लिहायचं ते वाचणाऱ्याच्या बाजूने. ‘आमच्या अण्णांचा धाकटा’ हे तिकडच्या नातवाला काहीच सांगत नाही, ‘तुझ्या बाबांचा चुलतभाऊ, ज्याच्या मुंजीत तू घोड्यावर बसलास’ हे सांगतं. आणि कोणाचं नाव कधी आलं याची खूण डायरीच्या मागच्या पानावर करत जा. ज्या घराचं नाव महिनाभर पत्रात नाही, तिथून उत्तर यायचं थांबतं, आणि त्या लोकांचं काही चुकत नाही.

कृतज्ञतेच्या भागाला मी सगळ्यात जास्त जपेन. आपल्याकडे घरच्या माणसाचे आभार मानले तर परकेपणा वाटतो, म्हणून ते तोंडाने निघतच नाहीत. पत्रात मात्र ते सगळ्यांसमोर लिहिता येतात. तीन गोष्टी हव्यात: कोणी केलं, काय केलं, त्याने आपलं काय सोपं झालं. ‘सूनबाई फार करते’ हे वायफळ. ‘पेन्शनचा हयातीचा दाखला मोबाइलवरून कसा द्यायचा ते सूनबाईने व्हिडिओ कॉलवर बसून दाखवलं, बँकेची एक खेप आणि तिथली रांग वाचली’ हे खरं. आठवड्याला एकाचेच आभार. सगळ्यांचे दरवेळी मानले की ते हळदीकुंकवाच्या वाणासारखे होतात, घेणाऱ्याला आपल्याला काय मिळालं तेही आठवत नाही.
– माई

विषय: उत्तर: उत्तर: घरचं पत्र

माई, सा. न.
देवाधर्माचा भाग सहा-सात ओळींत आटपावा आणि पत्राच्या शेवटी टाकू नये. तिथे टाकला की वाचणारा आधीच्या परिच्छेदावर थांबायला शिकतो. एखाद्या बातमीला लागून मध्येच येऊ द्यावा. आपल्याला देव कुठे आठवला ते लिहा, नातवाने कसं वागावं ते लिहू नका. ‘रोज स्तोत्र म्हणत जा’ यावर तो ‘हो’ म्हणून मोकळा होतो. ‘शुक्रवारी वीज गेली, समईच्या उजेडात रामरक्षा म्हटली आणि मधलाच एक श्लोक आठवेना’ यावर त्याला बोलावंसं वाटतं.

काही क्रम धरायचा असेल तर पसायदानापासून सुरू करा. नऊ ओव्या, नऊ आठवडे. मनाचे श्लोक २०५ आहेत, आठवड्याला एक म्हटलं तरी चार वर्षं लागतील, तेव्हा आधीच घोषणा नको. किंवा देवऋण, ऋषिऋण, पितृऋण हे आळीपाळीने घ्या: एकदा पाऊसपाणी आणि प्रकृती, एकदा शिकवणारं किंवा बरं करणारं माणूस, एकदा पूर्वजांबद्दलची एखादी पक्की माहिती, म्हणजे मूळ गाव, कुलदैवत, नवरात्रात घट की नुसती माळ. ही तिसरी पत्रं मुलं पुढे शोधत येतात.

आता तिथींची चूक, जी जवळजवळ प्रत्येक पत्रात असते. आपलं दिनदर्शिकेचं पान तिकडे जसंच्या तसं चालत नाही. तिथी जगभर एकाच क्षणी संपते, पण दिवस ठरतो त्या-त्या गावच्या सूर्योदयाला जी तिथी असेल तिच्यावरून. पुण्यात सकाळी दहाला दशमी संपली तर एकादशी दुसऱ्या दिवशी. न्यू यॉर्कचा त्याच तारखेचा सूर्योदय जूनमध्ये आपल्या दुपारी तीनच्या सुमारास, तोवर एकादशी लागलेली असते, म्हणून तिथे उपास एक दिवस आधी. मेलबर्नला उलट, तिथे कधीकधी एक दिवस नंतर. संकष्टीला तर चंद्रोदयच त्या गावचा लागतो. पुण्याची वेळ लिहून सूनबाईला उगाच ताटकळत ठेवू नये. ‘तिकडचं पंचांग पाहा’ एवढं लिहिलं तरी भागतं.

जन्म-मृत्यूची बातमी पत्रासाठी राखून ठेवू नका, फोन करा. पत्रात तारीख आणि वेळ मात्र लिहा. दहा दिवसांच्या आत कळलं तर उरलेले दिवस सोयर-सुतक पाळायचं असा बऱ्याच घरांत प्रघात आहे, आणि भारतातली रात्र ही तिकडची सकाळ असते.
– नाना

विषय: उत्तर: उत्तर: घरचं पत्र

माई, नाना, नमस्कार.
पत्र घेणाऱ्यांच्या बाजूने थोडं. जाहीर आभारांबद्दल माईंशी मी पूर्ण सहमत नाही. दोन सुना असतील तर एकीचं कौतुक दुसरीला टोमणा वाटू शकतं. महिन्यातून एकदा चारही पत्रं डोळ्यांखालून घालावीत. दोघी आल्यात ना, आणि दोघींच्या ओळी सारख्याच नेमक्या आहेत ना?

दुसऱ्याची बातमी त्याला विचारल्याशिवाय लिहू नये. दिवस गेलेत, नोकरी गेली, व्हिसा अडकला, स्थळ आलंय, यांतलं काहीच नाही. नातवंडांच्या मार्कांची तुलना तर नकोच, ती चुलतभावंडं एकमेकांची पत्रं वाचतात.

आजारपण लिहायचं तर पुरतं लिहा: काय झालं, कोणतं औषध बदललं, पुढची तपासणी कधी, सोबत कोण जाणार. मग ‘देवावर भार टाकला आहे’ हे वाक्य खरं वाटतं आणि धीर देतं. नुसतं ‘थोडं बरं नव्हतं, काळजी करू नका’ लिहिलं की इकडे रात्रभर झोप लागत नाही. रिपोर्टचे फोटो मुलांना वेगळे पाठवा, कुटुंबाच्या पत्राला जोडू नका.

शेवटी एकच प्रश्न विचारा, नातवाला एका ओळीत उत्तर देता येईल असा. पाच विचारले तर एकाचंही येत नाही.
– वहिनी

विषय: उत्तर: घरचं पत्र – तांत्रिक

नमस्कार.
बोलून टाइप करायला फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डची मराठी चांगली चालते. पूर्णविराम बहुधा येत नाहीत, आणि न-ण, ल-ळ व आडनावं चुकतात. म्हणून चार-चार वाक्यं बोलून तिथेच दुरुस्त करा. सगळं एकदम बोललात तर शेवटी कुठलं वाक्य कुठे संपलं तेच कळत नाही. जुन्या श्रीलिपी फाँटमधली फाइल पाठवू नका, दुसऱ्या संगणकावर ती इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत लिहा किंवा पीडीएफ करा.

हस्ताक्षरच पाठवायचं तर काळं शाईपेन, पांढरा कागद, खिडकीजवळचा उजेड, फ्लॅश बंद, फोन कागदाला समांतर. तिरका धरला की खालच्या ओळी बारीक होतात.

ज्या नातवंडांना देवनागरी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तेच पत्र वाचून रेकॉर्ड करा. साध्या दर्जाचा आवाज मिनिटाला अर्धा एमबी धरा, दहा मिनिटांचे पाच. जीमेलची मर्यादा २५ एमबी, त्यामुळे फोटो तीन-चारच. पंख्याखाली रेकॉर्डिंग नको.

रविवारी रात्री आठला पाठवलंत तर न्यू यॉर्कला सकाळचे साडेदहा, थंडीत साडेनऊ, म्हणजे घरी सगळे असतात. मेलबर्नला तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते. ते सोमवारीच वाचणार, उत्तराची घाई करू नका.

वर्षाची ५२ पत्रं, प्रत्येकी दोन पानं, म्हणजे १०४ पानांचं पुस्तक होतं. मध्ये पिना मारून ते नीट मिटत नाही, पाठीला गोंद लावून बांधून घ्या. आतल्या बाजूला दोन सेंटिमीटर समास पहिल्या पत्रापासूनच सोडा, नाहीतर ओळींची टोकं बांधणीत जातात.
– संकेतस्थळ समिती