डंबेल हातात घेऊन हवेत ठोसे मारल्याने ठोसा खरंच वेगवान होतो का?

सैलखांदा:
वर्षभर मी इमानेइतबारे एक काम केलं. दोन्ही हातांत दीड-दीड किलोची डंबेल घेऊन शॅडो बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे, तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. डंबेल खाली ठेवली की हात असे सुटायचे की वाटायचं, आता समोर कुणी येऊच नये.

मग गेल्या महिन्यात फोन स्टँडवर लावला आणि सेकंदाला 240 फ्रेमवर मागच्या हाताचे (उभं राहताना जो हात मागे असतो त्याचे) वीस ठोसे चित्रित केले. डंबेल घेण्याआधी मूठ हनुवटीपासून पंचिंग बॅगेपर्यंत पोचायला सरासरी 58 फ्रेम लागत होत्या. डंबेल ठेवल्याठेवल्या 61! हात पिसासारखा हलका वाटत होता, तेव्हा तो उलट कणभर मंदच होता.

ठोसा जातो पुढे आणि डंबेल ओढतं खाली. खांदा ते वजन तोलण्यात खर्ची पडतो, मूठ पुढे फेकणाऱ्या स्नायूंना जादा काम मिळतच नाही. हात पूर्ण लांबला की ते वजन थांबवायचं ओझं कोपरावर. आणि रोज शेकडो वेळा आपण सवय लावतो ती संथ हालचालीची. माझं मत स्पष्ट आहे: हा प्रकार बंद करावा. ताकद वेगळी कमवा आणि वेग रिकाम्या हाताने.

जुनाबॅगवाला:
वीस ठोसे मोजून सगळी पद्धत निकालात काढलीत की! अहो, डंबेल वेगासाठी नसतातच मुळी. शेवटच्या फेरीत पोरांचे हात छातीपर्यंत खाली येतात आणि तिथेच मार बसतो. अर्धा-एक किलो घेऊन फिरवलं की खांदे तग धरतात. तुम्ही दीड किलो घेतलंत, चूक तुमची. औषध जास्त झालं म्हणून वैद्याला शिव्या कशाला?

लोखंडप्रेमी:
दोघेही खेळण्यांवर भांडताय. ताकद हवी तर स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलणं) करा. 1985 मध्ये मायकल स्पिंक्सने रीतसर वजनं उचलून अंग भरलं, वरच्या वजनगटात गेला आणि तिथला विजेता लॅरी होम्सला हरवलं. 'वजनं उचलली की बॉक्सर आखडतो' हे सांगणाऱ्यांची तोंडं तेव्हाच बंद व्हायला हवी होती.

जुनाबॅगवाला:
मग 1919 चं पण सांगा. जॅक डेम्प्सी साधारण 85 किलोचा, समोरचा जेस विलार्ड 111 किलोचा. पहिल्याच फेरीत विलार्ड सात वेळा खाली. त्यात लोखंड कुठे होतं?

लोखंडप्रेमी:
डेम्प्सीने वजनं उचलली असती तर तो हळू झाला असता, हे यावरून कसं ठरतं? 'आजोबा विडी ओढूनही नव्वद वर्षं जगले' या जातीचा युक्तिवाद आहे हा.

आकडेमोड:
थोडे आकडे टाकतो. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत अव्वल बॉक्सरांच्या मागच्या हाताच्या ठोशाचं बल सरासरी 4800 न्यूटन भरलं, नवशिक्यांचं 2381. म्हणजे दुप्पट. एवढा फरक नुसत्या दंडातून येत नाही. मागची टाच उचलली जाते, कंबर वळते, खांदा मागोमाग येतो आणि मूठ सर्वांत शेवटी. नवशिक्याचं नेमकं उलटं: हात आधी निघतो, कंबर वरातीमागून येते.

वेगचवेग:
एवढं कशाला? वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, शाळेतलं सूत्र आहे. फक्त वेग वाढवा.

आकडेमोड:
सूत्र बरोबर, पण त्यात वस्तुमान कुणाचं धरणार? लागायच्या क्षणी मनगट आणि खांदा सैल असेल तर मागे नुसता हात असतो. त्याच क्षणी सगळं आवळलं तर धडही त्यात येतं. वेगवान पण पोकळ ठोसा सरावात ठोसे झेलायला हातात पॅड धरणाऱ्याला बरोबर कळतो. टप्प असा आवाज येतो, त्याचा हात मागे जात नाही.

सैलखांदा:
हेच. शरीराच्या हालचालींचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी 2010 मध्ये मिश्र मार्शल आर्टच्या खेळाडूंवर हे मोजलंय. स्नायू सुरुवातीला आवळतो, मध्ये सैल सुटतो आणि धडकेच्या क्षणी पुन्हा आवळतो. मधला तो सैलपणा म्हणजेच वेग. मुठीत डंबेल घट्ट धरलं की मधे सैल सोडणार कसं?

जुनाबॅगवाला:
त्या अभ्यासात खेळाडू किती होते? पाच! मी वीस वर्षं शिकवलेल्या पोरांपेक्षा ते पाच भारी?

सैलखांदा:
पाच कमी आहेत, मान्य. पण त्यांचे स्नायू यंत्राने मोजलेत, तुमच्या पोरांचे नजरेने.

मनगटवाली:
मनगटाबद्दल कुणी बोलेल म्हणून वाट पाहत होते. ठोशाची ताकद स्नायूंबरोबर वाढते, हाताची हाडं तेवढ्या लवकर तयार होत नाहीत. करंगळीच्या मुळाशी असलेलं तळहाताचं हाड मोडण्याला 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' उगाच म्हणत नाहीत. ठोसा मुठीच्या पहिल्या दोन गाठींवर (तर्जनी आणि मधलं बोट) बसला पाहिजे, मनगट सरळ, आणि बॅगेवर पट्टी बांधल्याशिवाय जायचं नाही. ही माझी डावी करंगळी अजून पूर्ण मिटत नाही. 'एकच फेरी आहे, पट्टी कशाला' असं मीच म्हणाले होते.

लोखंडप्रेमी:
ताईंचं शंभर टक्के पटलं. बाकी कुणाचं नाही.

जुनाबॅगवाला:
बरं. चार आठवडे पोरांच्या हातातून डंबेल काढतो आणि तुमच्यासारखं चित्रणही करतो. पण त्या वेळात त्यांना द्यायचं काय ते सांगा. नुसतं 'बंद करा' म्हणून भागत नाही.

सैलखांदा:
तीन किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) भिंतीवर फेकायचा. उभं राहणं ठोशाचंच, मागची टाच वळवून. एका बाजूला पाच फेकी, मग पूर्ण दम घ्यायचा. असे चार सेट. नंतर बॅगेवर सहा-आठ ठोसे जीव तोडून, मग एक मिनिट विश्रांती. धाप लागलेली असताना वेग वाढत नाही, फक्त दमसास वाढतो. लोखंडभाऊंचे स्क्वॉटही ठेवा, आठवड्यातून दोनदा, बॅगेच्या दिवशी नको.

जुनाबॅगवाला:
आणि गार्ड, म्हणजे चेहऱ्यासमोर धरलेले हात, खाली येतो त्याचं?

सैलखांदा:
त्यासाठी सरावात 16 औंसाचे ग्लोव्ह आहेतच ना.

जुनाबॅगवाला:
म्हणजे प्रत्येक हातात साडेचारशे ग्रॅम. आणि हे वजन कुठे ओढतं म्हणे, पुढे का?